बादलीबाईंचा तिसरा प्रश्न

ऑफिसात त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. पगाराच्या कागदावर नाव होतं, तेवढंच. एरवी शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांच्या त्या बादलीबाई. सुरुवातीला हे पाठीमागे चालायचं, मग तोंडावर चालू झालं, आणि पुढे पुढे तर त्याच फोन उचलून "हां, बादलीबाई बोलतेय" म्हणायला लागल्या. चिडवणाऱ्यांची हवाच निघून गेली.

नोकरी होती पाऊस मोजणाऱ्या सरकारी खात्यात. पाऊस मोजायला काय लागतं, एक पर्जन्यमापक आणि रोज सकाळी तो बघणारा एक माणूस, असं आपल्याला वाटतं. पण मोठ्या पावसाला एक वाईट खोड असते. तो नेमका मापक नसेल तिथे कोसळतो, आणि असेल तिथे एवढा कोसळतो की मापकच उचलून नेतो. मग किती पडला हे खात्याला कळणार कसं? अशा वेळी बादलीबाईंना धाडायचे. त्यांनी दारोदार जाऊन विचारायचं, की त्या दिवशी तुमच्या अंगणात उघड्यावर काय काय पडलेलं होतं. बादली, पिंप, कुंडी, गुरांचं टाकं, रंगाचा रिकामा डबा, अगदी पोराचं खेळण्यातलं भांडंसुद्धा चालायचं. भांडं सापडलं की पट्टी बुडवून पाणी मोजायचं, बाजू सरळ आहेत की तिरक्या ते बघायचं, वर झाड किंवा छपराची पन्हाळ येते का ते बघायचं. एका भागात अशी बरीच भांडी जमली की पावसाचा अंदाज बांधता येतो.

हे काम त्यांच्या गळ्यात पडलं ते योगायोगाने. लागल्या होत्या टायपिस्ट म्हणून. एकदा या कामाचा माणूस आजारी पडला, दुसरा कुणी चिखल तुडवायला तयार होईना, तेव्हा यांनी हात वर केला. खुर्चीत बसून बसून जीव विटला होता, हे खरं कारण. परत आल्या त्या एक चप्पल हरवून आणि गुडघ्यापर्यंत चिखल माखून, पण चेहरा असा खुललेला की साहेबांनी तो आजारी माणूस बरा झाल्यावर त्यालाच टायपिंगला बसवलं.

घरच्यांच्या मात्र या कामाने नाकी नऊ आले. भांड्यांच्या दुकानात शिरल्या की प्रत्येक पातेल्याच्या बाजूवरून बोट फिरवून बघायच्या. शेवटी एकदा दुकानदार म्हणाला, "बाई, यात स्वयंपाक करायचाय की याची परीक्षा घ्यायचीय?" सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "आमची सून ना, कुठे पूर आला की माहेरी निघाल्यासारखी निघते." त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे बादलीबाईंनी मोजायच्या भानगडीत पडू नये असं ठरवलं होतं. नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस, तो बिचारा डबा भरून द्यायचा आणि जादा मोज्यांची जोडी पिशवीत कोंबायचा.

पुरात सगळं गेलेल्या माणसाला जाऊन "तुमची बादली कुठे होती हो?" असं विचारणं सोपं नसतं. काहींना वाटायचं बाई मदत वाटायला आल्यात, काहींना वाटायचं बाईंचं डोकं फिरलंय. पुष्कळ जण पाणी वाढवून सांगायचे. जितकं पाणी जास्त तितकी भरपाई जास्त, असा हिशेब मनात धरला तर त्यात त्यांचं काय चुकलं? बादलीबाई ऐकून घ्यायच्या. वाद घालत नसत. आधी घर, माणसं, कोण कुठे होतं, कोण गेलं, हे सगळं ऐकायच्या आणि मगच आपले तीन प्रश्न काढायच्या.

भांडं कुठे होतं? आधी रिकामं होतं का? पाऊस किती वेळ पडला?

पहिल्याचं उत्तर लोक धडाधड देत. दुसऱ्याला थोडं डोकं खाजवत. तिसऱ्यावर मात्र सगळे थापा मारत, आणि गंमत म्हणजे आपण थापा मारतोय हे त्यांना ठाऊकही नसे. छपरावर दगड पडल्यासारखा पाऊस वाजत असताना घड्याळाकडे बघतो कोण? तासाभराचा पाऊस आणि दिवसभराचा पाऊस, पिंपात दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून बादलीबाई आडून आडून विचारायच्या. दूध तापवलं होतं का, पोरं शाळेतून आली होती का, टीव्हीवर काय चाललं होतं. वेळ लोकांना आठवत नाही, पण दूध उतू गेलेलं आठवतं.

त्यांच्या नोकरीची शेवटची काही वर्षं उरली असताना सरकारने एक मोठं काम काढलं. एखाद्या जागी पाऊस जास्तीत जास्त किती पडू शकतो, याचं खात्याचं एक जुनं पुस्तक होतं. गटार असो, पूल असो की धरणातलं जादा पाणी सोडायचा सांडवा, तो किती मोठा बांधायचा हे त्या पुस्तकातला आकडा बघून ठरायचं. पुस्तक झालं तेव्हा मापक मोजकेच होते, आणि तेव्हापासून आभाळही बरंच बदललं होतं. ते सगळं नव्याने करायचं ठरलं. कपाटातल्या धूळ खात पडलेल्या नोंदी निघाल्या, नवे संगणक आले, आणि रडारचा अभ्यास केलेला एक तरुण शास्त्रज्ञ आला. त्याला सगळे रडारवाला म्हणायला लागले. ऑफिसात अशी आशा होती की आता हा आणि बादलीबाई यांची जुंपणार आणि फुकटात करमणूक होणार. पण तो पहिल्याच दिवशी खुर्ची ओढून त्यांच्या टेबलाशी बसला.

"ताई, माझं रडार डोंगराच्या डोक्यावरून बघतं. डोंगराच्या आड काय चाललंय ते त्याला दिसत नाही. तिथलं तुम्हीच सांगायचं. आणि आकडा द्याल तेव्हा किती वेळात पडला ते पण सांगा. त्याशिवाय तो माझ्या काही कामाचा नाही."

बादलीबाईंना तो पोरगा तिथेच आवडला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत डोंगराआडच्या एका वस्तीत पूर आला. ओढ्यावरचा रस्त्याखालचा छोटा पूल आणि त्यावरचा रस्ता, दोन्ही गेले. एक बाई वाहून गेली. रस्ता नसल्यामुळे बादलीबाईंना तिथे पोचायला उशीर झाला, आणि तोवर बहुतेक घरांतली भांडी उपसून, धुऊन, पालथी घालून झाली होती. त्यातून खालच्या घरांमध्ये पाऊस असा झालाच नव्हता. "सकाळी जरा भुरभुर झाली तेवढीच," लोक म्हणाले, "आणि संध्याकाळी एकदम लोंढाच आला. वरून आला. वर शिंपीकाकांकडे विचारा."

शिंपीकाकांचं घर ओढ्याच्या वरच्या अंगाला एकटंच होतं. वाहून गेली ती त्यांचीच बायको.

दार मुलीने उघडलं. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती, तशीही यायचीच होती, ती आईचं कळल्यावर धावत आली होती आणि उद्या परत निघणार होती. पडवीत तिची बॅग भरून ठेवलेली दिसली, एकच. आत खिडकीपाशी काका बसले होते. अंगात पांढराशुभ्र शर्ट, आणि डोक्यावरचे केस काळेभोर. सुरकुतलेल्या चेहऱ्यावर ते केस दुसऱ्या कुणाचे आणून ठेवल्यासारखे वाटत होते.

बापलेकीत बोलणं नव्हतं, हे बसल्या बसल्या कळलं. मुलगी बादलीबाईंकडे बघून म्हणाली, "चहा ठेवतेय. त्यांना हवाय का विचारा." काका बादलीबाईंकडे बघून म्हणाले, "तिला म्हणावं, नको." बादलीबाईंनी दोघांचे निरोप पोचवले आणि काकांच्या वाटचा चहाही स्वतःलाच मागून घेतला.

स्वयंपाकघरात मुलीने मनातलं भडाभडा सांगून टाकलं. "सकाळपासून धो धो पडत होता, असं हेच सांगतात सगळ्यांना. अख्खा दिवस! मग दिवसभर काय करत होते? आईला घेऊन वर शाळेत जाऊन बसायला काय झालं होतं? आणि ते केस बघितलेत ना? मी दुसऱ्या दिवशी आले तर हे असे काळे केस घेऊन बसलेले. लोक मला काय काय बोलले. मी विचारलं तर चकार शब्द नाही." तिने गॅस बंद केला. "इथे यांना एकटं ठेवून जायला मन होत नाही, आणि बरोबर न्यायलाही मन होत नाही."

बादलीबाई चहाचा कप घेऊन उभ्या राहिल्या. चहा संपला तरी त्या कप ओठाला लावतच राहिल्या.

अंगणात मात्र त्यांचे डोळे लकाकले. मधोमध, झाडापासून दूर, छपरापासून दूर, एक टब होता. लोखंडी पिंप मधोमध कापून केलेला, बाजू सरळसोट. त्यावर फळ्या टाकून वरून मेणकापड बांधलं होतं.

"हे कुणी झाकलं, काका?"

"मीच. दुसऱ्याच दिवशी. हिचा कपडे धुवायचा टब. ओतून टाकायला हात धजेना. उघडा ठेवला तर डास होतात."

पाणी वीतभराला थोडं कमी होतं. बादलीबाईंनी तीन ठिकाणी पट्टी बुडवून बघितलं. नोकरीत असं भांडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा मिळालं असेल. जिथे एकही मापक नव्हता, तिथे जणू कुणी सरकारसाठीच मांडून ठेवलेलं.

"आणि पाऊस किती वेळ होता, काका?"

"सकाळपासून," काका म्हणाले. पाठ केल्यासारखं. "सकाळपासून धो धो. थांबलाच नाही."

घराच्या कोपऱ्यावर फोन लागायचा. बादलीबाईंनी रडारवाल्याला आकडा सांगितला. "दिवसभरात एवढा म्हणजे मोठा पाऊस झाला, ताई, पण जगावेगळा नाही. तो पूल जुन्या पुस्तकाप्रमाणे बांधलाय. एवढं पाणी दिवसभरात हळूहळू आलं असतं तर त्याखालून गेलं असतं. मग पूल का गेला? कचरा अडकला असेल, नाहीतर लोकांनी काही टाकलं असेल. अहवालात तसंच जाईल. पुलाच्या मापाला कुणी हात लावणार नाही, पुन्हा तेवढाच बांधतील."

"आणि बाई गेल्या त्या?"

"वेळ असून जागा सोडली नाही, असं म्हणतील," तो अवघडून म्हणाला.

म्हणजे लेक जे म्हणत होती तेच सरकारही म्हणणार होतं.

बादलीबाई परत येऊन पायरीवर बसल्या. दुसरा प्रश्न विचारायचा राहिला होता, तो त्यांनी आता विचारला. टब आधी रिकामा होता का?

"रिकामा म्हणजे? स्वच्छ!" काकांच्या आवाजात पहिल्यांदाच जीव आला. "हिचं काम म्हणजे काय! दुपारी वाळूने घासला, उन्हात पालथा घातला, खणखणीत वाळवला आणि मग सरळ केला. म्हणाली, उद्या चादरी भिजवायच्यात."

बोलून गेले खरे. ऊन, हा शब्द दोघांनीही ऐकला होता.

दुसऱ्या कुणी लगेच पकडलं असतं, की काका, सकाळपासून धो धो होता तर ऊन कुठून आलं? बादलीबाईंनी पकडलं नाही. त्या काकांच्या डोक्याकडे बघत होत्या. भांगाशी गव्हाच्या दाण्याएवढी पांढरी रेघ उगवून आली होती. कपाळाच्या कडेला आणि कानांमागे कातडी सोलवटून नुकती भरत आली होती. बादलीबाई स्वतः केसांना कलप लावायच्या. एकदा लावून तशीच झोप लागली होती, तेव्हा त्यांचे कान असेच झाले होते आठ-पंधरा दिवस.

त्यांनी आवाज खाली आणला. "काका, कलप कुणी लावून दिला होता?"

काकांनी तोंड फिरवलं. ते ओढ्याकडे बघू लागले. तिकडे खाली, न्हाणीघर होतं तिथे, आता नुसते दगड होते.

"हिने," ते म्हणाले. "मी जन्मात कधी लावला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी लेक येणार होती. मागे फोटो बघून ती म्हणाली होती, बाबा फार थकल्यासारखे दिसतात. ते हिच्या मनाला लागलं. म्हणाली, पोरीला बाप म्हातारा दिसायला नको. मला बसवलं इथे आणि फासला डोक्याला. शेवटचा हात फिरवत होती आणि पाऊस आला. आला म्हणजे कसा, ध्यानीमनी नसताना. पत्र्यावर असा आवाज की शेजारी बसून बोललेलं ऐकू येईना."

"किती वेळ ठेवायचा होता?"

"पुडीवर अर्धा तास लिहिलेलं. ही घड्याळ बघत बसली होती. अर्धा तास व्हायला आला तशी म्हणाली, मी न्हाणीघरात जाऊन पाणी काढते. मी म्हटलं, मीही येतो. तर म्हणाली, भिजलात तर डोक्यावरचं ओघळेल, शर्टाचा सत्यानाश होईल. बसा इथेच. पाणी काढलं की हाक मारते, मग या."

आतल्या दारात चुडे वाजावेत तसा कपबशीचा बारीक आवाज झाला. मुलगी तिथे उभी होती. काकांची पाठ तिकडे होती.

"मी बसलो. हाकेची वाट बघत बसलो. पाऊस असा की हाक मारली तरी ऐकू येणार नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मग टाळू चुरचुरायला लागली. मग आग व्हायला लागली. तेव्हा उठलो. पाऊस तोवर ओसरत आला होता. दारात येऊन बघतो तर न्हाणीघर नाही. काहीच नाही तिथे." त्यांनी शर्टाची बाही उगाच सारखी केली. "मी काय सांगू लोकांना? बायको वाहून जात होती तेव्हा हा म्हातारा केस काळे करून बसला होता, असं सांगू? मग म्हटलं, सकाळपासून पडत होता. सकाळपासून म्हटलं की पाऊस मोठा वाटतो. एवढ्या मोठ्या पावसापुढे माणूस काय करणार, असं लोक म्हणतील."

बादलीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलंही नाही. एवढी वर्षं त्यांनी पाणी वाढवून सांगणारी माणसं पाहिली होती, पण वेळ वाढवून सांगून आपल्याच गळ्याला फास लावून घेतलेला माणूस पहिल्यांदाच पाहत होत्या.

"काका, उलटं झालं हो ते," त्या म्हणाल्या. "सकाळपासून पडला असता तर तो साधा पाऊस होता. तुमच्या टबात जेवढा आहे तेवढा तासाभराच्या आत पडला. असा पाऊस आमच्या पुस्तकात नाही. खालच्या पुलाला एवढं पाणी पेललंच नाही, ते त्याच्या तोंडाशी तुंबलं आणि न्हाणीघरापर्यंत चढलं. मग रस्ता फुटला आणि त्या ओढीने सगळं नेलं. तुम्ही बरोबर गेला असतात तर दोघं गेला असतात. पळायला वेळच नव्हता."

"वेळच नव्हता?" हे मुलीने विचारलं.

"नव्हता."

"मग तो पूल एवढा लहान बांधला कुणी?"

"बांधणाऱ्याने पुस्तकाप्रमाणेच बांधला होता. पुस्तकच तोकडं होतं."

काका पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळून बघू लागले. "म्हणजे शिवणारा चुकला नाही," ते हळूच म्हणाले. "मापच कमी घेतलेलं होतं."

"हो, काका. तेच आता नव्याने घेतोय आम्ही. हा टब त्यात जाईल. इथे नवा पूल होईल तो याच मापाने होईल." हे सांगताना त्यांना मनातून लाज वाटत होती, कारण पूल मोठा झाला तरी या घराला त्याचा आता काय उपयोग होता? पण सांगायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

मुलगी वळून आत निघून गेली. काकांनी मान खाली घातली. त्यांना वाटलं असेल, संपलं, आता ही कायमची तुटली. बादलीबाईंनाही तसंच वाटलं. सत्य सांगून घर जोडलं जातंच असं नाही, हे त्यांनी दारोदार हिंडून पुष्कळ पाहिलं होतं.

"डोक्याचं मग काय केलंत तुम्ही?" काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं.

"कुणीतरी फडक्याने पुसलं. तेवढंच. त्यानंतर डोक्यावरून पाणी घेतलं नाही मी." त्यांनी टाळूवरून हात फिरवला. "हाक आली नाही ना."

आत भांडं आपटल्याचा आवाज आला. नळ सुटल्याचा आवाज आला. गॅस पेटला. बादलीबाईंनी कागदावर वेळेच्या रकान्यात लिहिलं, तासाभराच्या आत. खाली सही केली. काका तसेच खाली बघत बसले होते.

थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून आवाज आला. कितीतरी दिवसांनी तो कुणामार्फत न येता सरळ येत होता, आणि रडून घोगरा झाला होता.

"बाबा, पाणी काढलंय. या."

काका हलले नाहीत. ऐकू आलं नाही की खरं वाटलं नाही, कोण जाणे.

"बाबा!" ती मोठ्याने ओरडली. "पाणी निवतंय. या ना."

तेव्हा ते उठले, शर्ट काढून खुर्चीच्या पाठीवर नीट घडी घालून ठेवला, आणि आत गेले.